कलम दोनमधला माणूस

कायदा कोणी हौसेने वाचत नाही. ज्याच्यावर वेळ येते तो वाचतो, आणि तोही दुसरं कलम सोडून. पहिल्या कलमात कायद्याचं नाव असतं, तिसऱ्यापासून हे करा, ते करू नका सुरू होतं. मधल्या दुसऱ्यात नुसत्या व्याख्या: या कायद्यात 'वाहन' म्हणजे अमुक, 'उपकरण' म्हणजे तमुक. वाचणारा ते पान चटकन उलटतो. व्याख्याताईंची एकतीस वर्षं त्या एका पानावर गेली.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नाही. मसुदा विभागात शिपायापासून प्रमुखबाईंपर्यंत सगळे त्यांना व्याख्याताई म्हणत, आणि त्याही फोन उचलून "व्याख्याताई बोलतेय" असंच सांगत. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं टेबल होतं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप दिसत. त्या पाइपांकडे बघत त्यांनी किती शब्द घडवले आणि किती मोडले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

त्यांच्या वाट्याला यंत्रांचे शब्द आले, कारण बाकी कोणाला ते नको होते. जमीन, वारस, लग्न, भाडेकरू हे शब्द लोकांनी भांडून भांडून गुळगुळीत केलेले असतात. यंत्रांचे शब्द कच्चे. दर दोन-चार वर्षांनी बाजारात काहीतरी नवं यायचं, लोक ते वापरून मोकळे व्हायचे, आणि कायदा धापा टाकत मागून येऊन विचारायचा, की हे नक्की आहे तरी काय. मग कंपन्यांचे इंजिनियर विभागात येत आणि तासभर आतल्या तारा, चकत्या, आकडे समजावत. ताई सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत: "ते आत काय आहे ते कळलं हो. बाहेर कोणाला लागतं ते सांगा." इंजिनियर एकमेकांकडे बघत. हा प्रश्न त्यांना कॉलेजात कोणी विचारलेला नसे.

हा प्रश्न ताईंना एका धुलाई यंत्राने शिकवला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी 'संगणक' या शब्दाची व्याख्या केली: 'सूचना साठवून त्यांनुसार काम करणारे कोणतेही विद्युत उपकरण.' वरिष्ठांनी पाठ थोपटली, सभागृहात कोणी हू की चू केलं नाही, कायदा झाला. दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाचं धुलाई यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी वाजलं. गिऱ्हाईक होतं वकिलीत मुरलेलं. धुलाई यंत्रही सूचना साठवतं आणि त्यांनुसार काम करतं, तेव्हा कारागिराने परवानगी नसताना माझ्या संगणकात शिरकाव केला, अशी त्याने फिर्याद ठोकली. न्यायाधीश हसले आणि त्यांनी खटला काढून टाकला. पण त्या हसण्यापर्यंत पोचायला कारागिराला अकरा दिवस कोठडीत काढावे लागले. ताई त्याच्या दुकानात गेल्या, माझी चूक झाली म्हणाल्या. तो स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही लिहिण्याआधी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की, यात धुलाईचं मशीनपण बसतंय." ताई तोंडात मारल्यासारख्या परत आल्या.

तेव्हापासून त्यांनी फेरी सुरू केली. नवी व्याख्या तयार झाली की ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहायची, पर्समध्ये टाकायची आणि आठ दिवस सगळीकडे फिरवायची. स्वयंपाकघरात, दाताच्या डॉक्टरकडे, शिंप्याकडे, लिफ्टमध्ये. समोर येईल त्या वस्तूपुढे आणि माणसापुढे पुठ्ठा धरायचा आणि विचारायचं, हे यात बसतं का? बसायला हवं का? बाहेर राहिलं तर कोणाचं नुकसान? विभागात याची टिंगल व्हायची. घरी यजमान, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सकाळी चहा पिता पिता विचारत, "काय गं, आज आपला मिक्सर कायद्यात आहे की कायद्याबाहेर? चटणी वाटायची आहे, म्हणून विचारतो." ताई त्यांना उत्तर देत नसत. पण त्यांनी मनात मिक्सर तपासलेला असे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एक मोठं विधेयक आलं. कोणाला शाळेत घ्यायचं, कोणाला कामावरून काढायचं, कोणाला इस्पितळात आधी खाट द्यायची, असले निर्णय आता यंत्रं घेऊ लागली होती. विधेयक म्हणत होतं की, असा 'स्वयंचलित निर्णय' ज्याच्यावर होईल, त्याला 'माझी बाजू माणसाने ऐकावी' असं मागण्याचा हक्क राहील. हक्क चांगलाच होता. पण तो कोणाला मिळणार ते दुसऱ्या कलमात ठरणार होतं.

पहिला मसुदा कात्रींनी केला. कात्री म्हणजे ताईंच्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी. लांबलचक वाक्य दिसलं की त्यांचे हात शिवशिवत, म्हणून हे नाव. त्यांनी लिहिलं होतं: 'स्वयंचलित निर्णय म्हणजे कोणत्याही माणसाच्या सहभागाशिवाय यंत्राने घेतलेला निर्णय.' नऊ शब्द. समितीला आवडलं. ताईंनाही आवडलं, खोटं कशाला सांगा. पुठ्ठ्यावर उतरवून त्यांनी तो पर्समध्ये टाकला, चार दिवस फिरवला, आणि त्यांना कुठेच खटकलं नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. ताई धाकट्या भावाकडे गेल्या.

भाऊ शहराच्या बसवर चालक होता. बावीस वर्षं त्याने डोळ्यांत तेल घालून गाडी चालवली होती, एकही अपघात नाही, साधा आरसासुद्धा कोणाला घासला नाही. जन्मापासून त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी खाली ओघळलेली. तो सारखा डोळा मारतोय असं वाटायचं, म्हणून लहानपणी त्याचं नाव पडलं मिचक्या. शाळेत त्याने या नावापायी मार खाल्ला, मग मार दिला, आणि शेवटी नावाशी जुळवून घेतलं. पन्नाशी उलटली तरी ताईंच्या तोंडी तेच नाव होतं.

त्या दिवशी मिचक्या दारात आला तो घरच्याच कपड्यांत. रविवारी त्याची सकाळची पाळी असायची.

"आज सुट्टी?" ताईंनी विचारलं.

"मोठी सुट्टी लागलीय," तो म्हणाला, आणि आत जाऊन बसला.

भावजयीने सगळं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी बसमध्ये स्टिअरिंगसमोर कॅमेरे लागले होते. चालकाचे डोळे मिटले की कॅमेरा नोंद करतो. मिचक्याच्या एकेका पाळीत चौदा-चौदा नोंदी पडल्या. मग पत्र आलं: 'चालकास वाहन चालवताना वारंवार झोप येत असल्याचे आढळले आहे. सबब त्यांना वाहनावरून कमी करून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नेमण्यात येत आहे. या निर्णयाचे दर तीन महिन्यांनी नूतनीकरण होईल.' आता तो दिवसभर छत्र्या आणि एकेकटे हातमोजे यांना चिठ्ठ्या बांधत बसत होता.

"त्या खिडकीचं काही नाही ताई," मिचक्या म्हणाला. "काम कसलंही करीन. पण खालच्या मजल्यावरचा शेजारी म्हणतो, गाडीत झोपायचा म्हणे. मुलांना घेऊन माझ्या बसने शाळेत जाणाऱ्या बायका आहेत. त्या काय म्हणत असतील? मी झोपलो नाही गं. एक मिनिट नाही. कोणीतरी नुसतं समोर बसून माझ्याकडे बघून सांगा म्हणावं. पत्र देणाऱ्यानेपण बघितलं नाही. तू कायदे लिहितेस ना?"

ताईंचा जीव तुटला. जे बोलायला नको होतं ते बोलून गेल्या. "अरे, तुझ्यासाठीच कायदा येतोय असं समज. यंत्राने ठरवलं ना? मग माणसाला ऐकावंच लागेल."

भावजयीने डोळे पुसले. मिचक्या किती महिन्यांनी हसला. ताई निघताना पत्राची प्रत मागून घेऊन गेल्या, आणि घरी येऊन ती त्यांनी पुठ्ठ्याशेजारी ठेवली.

पत्राच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'सुपरवायझरने नोंदी तपासून मान्य केल्या.' खाली नाव, तारीख, वेळ.

सुपरवायझर हा माणूस. त्याने मान्य केलं म्हणजे माणसाचा सहभाग झाला. म्हणजे कात्रींच्या नऊ शब्दांत मिचक्या बसत नव्हता. त्याला हक्क नव्हता, सुनावणी नव्हती. आणि चार दिवस हाच पुठ्ठा फिरवून ताईंना तो कुठेच खटकला नव्हता.

आता सांगायला हवं की, ताईंना मोह झाला. नऊ शब्दांत दोन शब्द घातले की भाऊ आत. पण ज्या वृद्ध साहेबांनी त्यांना हे काम शिकवलं, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की एक चेहरा डोळ्यांसमोर ठेवून व्याख्या करू नकोस, ती त्या चेहऱ्यापुरतीच होते. म्हणून ताईंनी ठरवलं, आपण पुठ्ठा जिथे न्यायला हवा होता तिथे न्यायचा, सुपरवायझरच्या टेबलाशी. भावाचा डेपो टाळायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाचा निवडायचा. प्रमुखबाईंकडून त्यांनी भेटीचं पत्र घेतलं. भावाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. नंतर सांगू, असं मनाला समजावलं.

डेपोच्या वरच्या मजल्यावर काचेची खोली होती. सुपरवायझर पंचावन्नचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. तो स्वतः पूर्वी चालक होता. त्याच्या पडद्यावर नोंदी एकामागून एक येत होत्या. प्रत्येकीत तीन सेकंदांचं चित्र, कोणाचा तरी चेहरा, आणि खाली दोन बटणं. 'मान्य' मोठं हिरवं. 'अमान्य' लहान.

ताई त्याच्यामागे खुर्ची टाकून बसल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत लिहू लागल्या. दोन तासांत दोनशे बारा नोंदी आल्या. सुपरवायझर बोलत होता, नाक पुसत होता, फोन घेत होता, आणि अंगठा हिरव्यावर पडत होता.

"अमान्य कधी करता?" ताईंनी विचारलं.

"सुरुवातीला केलं दोनदा. मग सतरा रकान्यांचा फॉर्म येतो. तो भरेस्तोवर इकडे चाळीस जमतात. शिवाय वरून विचारणा आली, तुमचं आणि यंत्राचं जमत नाही का म्हणून." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "बाई, तुम्हाला गंमत सांगू? तीस सेकंदांत मी काही दाबलं नाही तर ते आपोआप मान्य होतं. माझ्या नावाने. मी चहाला गेलो तरी मी तपासलेलं असतं."

"म्हणजे तुम्ही इथे नसलात तरी..."

"नसलो तरी असतो." त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. "रात्री अंथरुणावर पडलो की वाटतं, आज आपण किती जणांना झोपाळू ठरवलं. एकाचंही तोंड आठवत नाही. पूर्वी मीपण चालवायचो हो गाडी."

ताईंना त्याचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्या माणसाला तिथे बसवलं होतं ते सही पुरवायला, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. परतताना त्या बसच्या मागच्या बाकावर बसल्या आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहू लागल्या. आठ दिवस खाडाखोड चालली. शेवटी उरलं ते असं: 'माणसाचा सहभाग म्हणजे, ज्याला निर्णय बदलण्याचा अधिकार आहे, प्रकरण समजून घेण्यास पुरेसा वेळ आहे, आणि ज्याने निर्णयापूर्वी ते प्रकरण स्वतः पाहिले आहे, अशा माणसाचा सहभाग. नुसती सही, शिक्का किंवा बटण दाबणे म्हणजे सहभाग नव्हे.'

याचीही फेरी झालीच. नवा पुठ्ठा सगळ्यात आधी यजमानांपुढे गेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मी दर वर्षी सहाशे प्रगतिपुस्तकांवर सह्या करायचो," ते म्हणाले. "पास, नापास. मग मी सहभागी नव्हतो वाटतं?"

"पुस्तक उघडून बघायचात?"

मुख्याध्यापक चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. "नाही बघायचो," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मिक्सरवरून काही विनोद केला नाही.

विभागात कात्रींनी कागद हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "ताई, नवाला आणखी चौतीस जोडलेत! आणि 'पुरेसा' म्हणजे किती? वकिलांना कुरणच मिळालं. कोर्टात या एका शब्दावर पिढ्या निघतील."

"निघू देत. तुमच्या नऊ शब्दांत यंत्रं सुखाने राहतील. एक सही ठेवली दाराशी की झालं."

"एका डेपोवरून कायदा करायचा का?"

ताईंनी डेपोची टिपणी त्यांच्यापुढे ठेवली. दोनशे बारा नोंदी, प्रत्येकीची वेळ. कात्रींनी ती वाचली आणि परत दिली. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती.

आणि तिथे ताईंचं मन त्यांना खायला उठलं. टिपणी खरी होती, व्याख्या सरळ होती, पण ती लिहिणाऱ्या बाईचा सख्खा भाऊ त्या व्याख्येच्या दारात उभा होता आणि हे कोणाला माहीत नव्हतं. उद्या कळलं तर? आणि नाही कळलं तरी? तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्या प्रमुखबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

प्रमुखबाईंनी पेन खाली ठेवलं. "सख्खा भाऊ? आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"आधी सांगायला हवं होतं. चुकले."

"ताई, तुम्ही काय करून बसलात कळतंय का? आता ही सगळी टिपणी भावासाठी केल्यासारखी दिसणार. समितीत कोणी एक शब्द विचारला की संपलं. त्या कात्रींच्या नऊ शब्दांवर शिक्का बसेल, आणि तुमचा भाऊच काय, सगळेच बाहेर राहतील." त्या रागात असल्या तरी आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे जास्त लागलं. "फाइल कात्रींकडे द्या. या कामाला तुम्ही आता हात लावायचा नाही. बैठक मी पुढे ढकलते."

ताईंनी फाइल शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली. कात्रींनी ती खणात टाकली आणि खण लोटला. त्यानंतर आठ दिवस त्या विषयावर दोन टेबलांमध्ये शब्द झाला नाही. ताईंना जुन्या कायद्यांची सूची करायला दिली होती. त्या अ पासून सुरू करून क पर्यंत आल्या, आणि एकदाही त्यांनी त्या खणाकडे बघितलं नाही असं त्या म्हणत. मी विश्वास ठेवत नाही. मिचक्याचा फोन आला की त्या सांगत, "चाललंय रे काम." याहून जास्त बोलायला त्यांची जीभ उचलत नसे.

नवव्या दिवशी कात्री आलेच नाहीत. वीस वर्षांत या माणसाने न कळवता रजा घेतली नव्हती. दहाव्या दिवशी आले, डबा टेबलावर ठेवला, आणि स्वतःची खुर्ची ओढत ताईंच्या टेबलाशी आले.

"काल डेपोत गेलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही गेलात तो नाही. तुमच्या भावाचापण नाही. तिसराच. कोणाला सांगितलं नाही, दाराशी ओळखपत्र दाखवलं आणि वर गेलो."

ताईंनी सूचीवरून मान वर केली.

"खुर्ची रिकामी होती, ताई. सुपरवायझर रजेवर. मी वीस मिनिटं तिथे उभा होतो. पडद्यावर चेहरे येत होते आणि खाली त्याचं नाव उमटत होतं. तपासले, मान्य. तपासले, मान्य." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "माझ्या व्याख्येत त्या खुर्चीत माणूस होता."

मग त्यांनी खण उघडला, फाइल काढली आणि ताईंचं वाक्य दाखवलं. त्यावर लाल पेनाची एकच रेघ होती. "'शिक्का' तेवढा काढलाय. तो सहीत येतो."

"येतो," ताई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं, आणि कात्री घाईघाईने डबा उघडून त्यात काय आहे ते बघू लागले.

समितीपुढे कात्री स्वतः उभे राहिले. मागे काय घडलं ते प्रमुखबाईंनी लपवलं नाही, ताईंच्या भावाचं नातंही सांगितलं, आणि कात्रींनी आपल्या वीस मिनिटांची टिपणी वाचली. कायदा झाला. सात महिन्यांनी लागू झाला. पुढच्याच महिन्यात मिचक्याच्या निर्णयाचं नूतनीकरण आलं, आणि त्याने त्याच दिवशी सुनावणीचा अर्ज टाकला.

सुनावणीला ताई रजा काढून गेल्या. मिचक्याने गणवेश इस्त्री करून घातला होता. आत जायला त्यांना परवानगी नव्हती. बाहेर लाकडी बाक होता, समोर पाण्याचं पिंप आणि भिंतीवर घड्याळ. त्या बसल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. यंत्राला तीन सेकंद लागले होते. चाळीस मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं आणि मिचक्या हातात कागद घेऊन बाहेर आला.

त्याच्या चेहऱ्यावरून काही समजेना. त्याने कागद ताईंना दिला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की चालक झोपत असल्याच्या सर्व नोंदी चुकीच्या ठरवून काढून टाकण्यात येत आहेत. ताईंनी एवढंच वाचलं आणि त्याचा हात धरला.

"पुढचं वाच," तो म्हणाला.

पुढे लिहिलं होतं, की उजवी पापणी गेल्या काही वर्षांत आणखी खाली आली आहे. वरच्या बाजूचं दिसणं कमी झालं आहे. शस्त्रक्रियेने फरक पडेलच, असं डॉक्टर सांगू शकत नाहीत. तूर्त त्यांना वाहनावर घेता येणार नाही.

"म्हणजे पुन्हा तेच!" ताईंचा आवाज चढला. पिंपाशी पाणी पिणाऱ्या माणसाने वळून बघितलं. "मी यासाठी केलं का एवढं? तू तिथे सांगितलंस ना, बावीस वर्षं..."

"सांगितलं. ऐकून घेतलं तिने." त्याने कागद काळजीपूर्वक घडी करून खिशात ठेवला. "ऑफिसरबाई होती एक, आणि डॉक्टर. बाईने टेबल सोडलं, खुर्ची उचलून माझ्यासमोर येऊन बसली. विचारलं, लहानपणापासून असं आहे का. शाळेपाशी वळताना काय करता. मग म्हणाली, मान हलवू नका, नुसतं वर बघा. ताई, मला सिग्नल दिसत नव्हता. तिने भिंतीवर लावला होता लाल कागद. हनुवटी उचलली की दिसायचा. मी किती वर्षं हनुवटी उचलून गाडी चालवतोय, मलाच ठाऊक नव्हतं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं." तो बाकावर बसला. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "गाडी गेली गं. वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण झोपत होतो म्हणून गेली नाही. आता खालच्या मजल्यावरच्याला दाखवीन कागद."

हा निकाल चुकीचा आहे असं ताईंना ओरडून सांगायचं होतं, आणि तो चुकीचा नव्हता. शाळेपाशी वळताना वर टांगलेला सिग्नल त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याखालून रस्ता ओलांडणारी मुलं. त्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने दोघं उठली.

परतताना त्यांना बस मिळाली. मिचक्या प्रवाशासारखा पुढच्या बाकावर बसला, चालकाच्या मागे, रस्ता दिसेल असा. चौकात बस थांबली. तो सिग्नलकडे बघत होता, हिरवा कधी होतोय ते. त्याची हनुवटी हळूच वर गेली, चांगली दोन बोटं, आणि सिग्नल बदलेपर्यंत तशीच राहिली. बावन्न वर्षं ताईंनी हा चेहरा पाहिला होता, धुतला होता, त्याच्यावर ओरडल्या होत्या. ती हनुवटी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.